कमिट करताना लाईट गेली, गिट म्हणतं ‘लूज ऑब्जेक्ट करप्ट’: रिपॉझिटरी न गमावता सावरायची कशी?

वाशिष्ठीकाठ

मे सरत आला, वळवाच्या सरी आणि विजा सुरू झाल्या की राजापूरपासून अलिबागपर्यंत एकच तक्रार कानावर येते. गिटमध्ये (फाईलींच्या बदलांचा इतिहास जपणारा प्रोग्राम) कमिट, म्हणजे बदलांची नोंद, चालू असताना लाईट गेली, मशीन परत चालू केलं, ‘गिट स्टेटस’ दिलं आणि उत्तर आलं: ‘एरर: ऑब्जेक्ट फाईल इज एम्प्टी. फेटल: लूज ऑब्जेक्ट इज करप्ट’. लाईट जाण्याने होतं त्यापेक्षा मोठं नुकसान पुढच्या पाच मिनिटांत घाईघाईने दिलेल्या आज्ञांनी होतं, म्हणून हा धागा. (आज्ञा वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर रोमनमध्येच द्यायच्या.)

आधी दिलासा. गिट एकदा लिहिलेल्या ऑब्जेक्टवर (फाईलचा मजकूर, फोल्डरची यादी किंवा कमिट साठवणारा तुकडा) पुन्हा लिहीत नाही. नवीन मजकूर आधी ‘टीएमपी_ऑब्ज’ अशा तात्पुरत्या नावाने लिहिला जातो, पूर्ण झाला की त्याला हॅशचं, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणेचं, नाव मिळतं. त्यामुळे तीन वर्षांचा इतिहास एका झटक्यात जात नाही. बिघडतं ते शेवटच्या अर्ध्या मिनिटातलं: दोनचार ऑब्जेक्ट, ब्रँचची (कामाच्या शाखेची) फाईल, इंडेक्स (पुढच्या कमिटसाठी तयार ठेवलेली यादी). बाकी सगळं जागेवर असतं, फक्त तिथवर पोचायची वाट तुटलेली असते.

आता काम. एडिटर बंद करा, कारण तो मागच्या मागे फेच करत (सर्व्हरवरून बदल आणत) असतो. मग डॉटगिटसकट (गिट आपला इतिहास ठेवतं तो लपलेला फोल्डर) पूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या: लिनक्सवर ‘सीपी -ए’, विंडोजवर ‘रोबोकॉपी’. पुढचं सगळं त्या प्रतीवर करायचं, मूळ फोल्डरला हात लावायचा नाही. कॉपी होतानाच ‘इनपुट/आउटपुट एरर’ आली, तर दोष गिटचा नाही, डिस्कचाच आहे. मग तिथेच थांबा, डिस्क अनमाउंट करा आणि ‘डीडीरेस्क्यू’ने तिची इमेज घ्या. मरत्या डिस्कवर फाईल सिस्टीम दुरुस्त करायला घेतली की वाचता येण्यासारखा भागही जातो.

प्रतीमध्ये पहिली आज्ञा ‘गिट कॉन्फिग जीसी.ऑटो ०’, म्हणजे आपोआप होणारी साफसफाई बंद. सगळं मार्गी लागेपर्यंत ‘गिट जीसी’, ‘गिट प्रून’ आणि ‘गिट रीसेट --हार्ड’ या तिघांना दूर ठेवा. पहिल्या दोन आज्ञा कोणी बोट न दाखवलेले ऑब्जेक्ट पुसतात, आणि आपल्याला नेमके तेच हवे असण्याची शक्यता असते. तिसरी चालू फोल्डरमधल्या फाईली बदलते, आणि हरवलेल्या मजकुराची एकमेव शिल्लक प्रत बहुतेक वेळा तिथेच असते.

मग रिकाम्या फाईली शोधा: ‘फाइंड डॉटगिट/ऑब्जेक्ट्स -टाइप एफ -एम्प्टी’. शून्य बाईटचा ऑब्जेक्ट कधीच खरा नसतो. रिकाम्या फाईलचा ऑब्जेक्टसुद्धा डिस्कवर काही बाईटचा असतो, कारण त्यात प्रकार आणि लांबी लिहून दाबून ठेवलेली असते. सापडलेल्या फाईली पुसू नका, बाजूच्या फोल्डरमध्ये हलवा आणि नावं टिपून ठेवा. फोल्डरच्या नावातली दोन अक्षरं आणि फाईलच्या नावातली ३८ मिळून ४० अक्षरांचा हॅश होतो, तो पुढे लागणार आहे.

त्यानंतर ‘गिट एफएससीके --फुल’, म्हणजे सगळ्या ऑब्जेक्टची तपासणी. यादी लांबलचक येते. ‘डँगलिंग’ दिसलं तर घाबरू नका, ती लोंबकळती फांदी आहे, बिघाड नव्हे. लक्ष द्यायचं ते ‘मिसिंग’, ‘ब्रोकन लिंक’ आणि ‘इनव्हॅलिड शा१ पॉइंटर’ या ओळींकडे.

---

दर्यावर्दी

धन्यवाद, फार गरजेचा धागा. एक विचारतो. दर वेळी ऑब्जेक्ट बिघडतातच असं नाही, बरेचदा फक्त ‘इंडेक्स.लॉक: फाईल एक्झिस्ट्स’ एवढंच येतं. ती फाईल सरळ उडवली तर चालेल का?

---

वाशिष्ठीकाठ

@दर्यावर्दी, चालेल, पण आधी एक गोष्ट बघा. ही फाईल म्हणजे दाराला लावलेली कडी आहे. गिट ती ‘आधीपासून नसेल तरच तयार कर’ असं सांगून बनवतं, नवा इंडेक्स तिच्यात लिहितं आणि शेवटी तिचंच नाव बदलून ‘इंडेक्स’ करतं. मध्येच लाईट गेली तर कडी लागलेलीच राहते. ‘पीएस’ किंवा टास्क मॅनेजरमध्ये गिटची एकही प्रक्रिया चालू नाही याची खात्री करा आणि मग काढा. रिपॉझिटरी नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरात असेल तर दुसऱ्या मशीनवरही बघावं लागतं. तिथे कोणी कमिट करत असताना कडी काढली तर दोघं एकाच इंडेक्सवर लिहितील.

इंडेक्सच बिघडला असेल तर ‘बॅड सिग्नेचर ०x००००००००, इंडेक्स फाईल करप्ट’ असं येतं. धड इंडेक्सच्या सुरुवातीला डी-आय-आर-सी ही चार अक्षरं असतात, तिथे शून्यं सापडली म्हणून ही तक्रार. हा सगळ्यात सौम्य बिघाड. इंडेक्स फाईल बाजूला हलवा, नुसतं ‘गिट रीसेट’ द्या (हार्ड नको), शेवटच्या कमिटवरून नवा इंडेक्स तयार होतो. ‘ॲड’ करून ठेवलेलं पण कमिट न केलेलं काही होतं का? ‘गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड’ द्या, डॉटगिटमधल्या ‘लॉस्ट-फाउंड/अदर’मध्ये ते तुकडे येतात. नावं नसतात, उघडून ओळखावे लागतात.

---

कातळसडा

हे का होतं ते कळलं तर उपाय डोक्यात पक्का बसतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

प्रोग्रामने फाईल ‘लिहिली’ म्हणजे ती डिस्कवर गेली असं नाही, आधी ती रॅममध्ये जाते. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाईल सिस्टीमवर फाईलचं नाव, आकार वगैरेची नोंद सर्वसाधारणपणे दर ५ सेकंदांनी जर्नलमध्ये (फाईल सिस्टीमच्या नोंदवहीत) पक्की होते. आतला मजकूर मात्र उशिरा जागा घेतो, ३० सेकंदांपर्यंत रॅममध्येच राहू शकतो. या मधल्या वेळात लाईट गेली की नाव डिस्कवर आणि मजकूर हवेत. उठल्यावर दिसते शून्य बाईटची फाईल.

ईएक्सटी४मध्ये यावर एक तोडगा आहे. जुन्या फाईलच्या जागी नवी फाईल नाव बदलून आणली, तर तो आधी मजकूर डिस्कवर ढकलतो. म्हणून इंडेक्ससारख्या, आधीपासून असलेल्या फाईली बहुधा वाचतात. ऑब्जेक्टचं नाव मात्र दर वेळी नवीन, त्या जागी आधी काहीच नसतं, म्हणून हा तोडगा त्याला लागू पडत नाही. लाईट गेल्यावर नेमके ऑब्जेक्टच रिकामे का सापडतात, याचं उत्तर हे.

विंडोजच्या एनटीएफएसवर रूप वेगळं असतं. आकार बरोबर दिसतो, आत सगळी शून्यं. ब्रँचची फाईल घ्या, ‘रेफ्स/हेड्स/मेन’: ४० अक्षरं आणि एक ओळ-समाप्ती मिळून ४१ बाईट. फोल्डरच्या यादीत ४१ च दिसतात, म्हणून फाईल धड आहे असं वाटतं. हेक्स दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली की ४१ च्या ४१ शून्यं. तेव्हा आकारावर विश्वास ठेवू नका, आत डोकावून बघा.

अशी ब्रँच परत उभी करायला ‘लॉग्स/रेफ्स/हेड्स/मेन’ उघडा. प्रत्येक ओळीत आधी जुना हॅश, मग नवा हॅश, नाव, वेळ आणि संदेश असतो. शेवटच्या ओळीतला नवा हॅश घ्या आणि ‘गिट कॅट-फाईल -पी’ला द्या. कमिट नीट दिसला तर तोच. नाही दिसला तर त्याच ओळीतला जुना हॅश, नाहीतर एकेक ओळ वर. लॉगच्या शेपटालाही कधीकधी शून्यं चिकटलेली असतात, ती छाटावी लागतात. चांगला हॅश मिळाला की बिघडलेली ब्रँचची फाईल बाजूला हलवून मग ‘गिट अपडेट-रेफ’ द्या, ती जागेवर असताना गिट कुरकुर करतं. आणि ‘हेड’ हीच फाईल गेली असेल तर गिट सरळ म्हणतं ‘नॉट अ गिट रिपॉझिटरी’. ऐकून धस्स होतं, पण त्या फाईलमध्ये ‘रेफ: रेफ्स/हेड्स/मेन’ एवढी एकच ओळ असते. हाताने लिहा.

आता प्रतिबंध. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या गिट २.३६ पासून ‘कोअर.एफसिंक’ ही सेटिंग आहे, काय काय डिस्कवर पोचल्याची खात्री करायची ते ती ठरवते. तिचं मूळ मूल्य ‘कमिटेड,-लूज-ऑब्जेक्ट’. त्या वजा चिन्हाकडे नीट बघा: ब्रँचच्या फाईली आणि पॅक (अनेक ऑब्जेक्ट एकत्र बांधलेल्या फाईली) डिस्कवर पोचल्याची खात्री गिट करून घेतं, सुट्या ऑब्जेक्टची घेत नाही. म्हणजे ब्रँच डिस्कवर, पण ती ज्या कमिटकडे बोट दाखवते तो कमिट अजून रॅममध्ये, असं होऊ शकतं. ज्या गावात लाईटचा भरवसा नाही तिथे ही सेटिंग बदलायलाच हवी: ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एफसिंक ऑल’. कमिट किंचित हळू होतं. हजारो फाईली एकदम ‘ॲड’ केल्या तर जाणवेल, रोजच्या पाचदहा फाईलींना नाही. २.३६ पेक्षा जुनं गिट असेल तर ‘कोअर.एफसिंकऑब्जेक्टफाईल्स ट्रू’.

---

सुरंगी

एवढं सगळं कशाला? सर्व्हरवर प्रत आहे, फोल्डर उडवायचा आणि नवीन क्लोन घ्यायचा, दहा मिनिटांचं काम.

---

कातळसडा

@सुरंगी, सगळं पुश झालेलं (सर्व्हरवर पाठवलेलं) असेल तर तुमचं बरोबर आहे, तोच सोपा मार्ग. पण क्लोनमध्ये काय येत नाही ते बघा: पुश न केलेल्या ब्रँच, स्टॅश (तात्पुरते बाजूला ठेवलेले बदल), रेफलॉग (ब्रँच कुठून कुठे सरकली त्याची नोंद), हुक (आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट), स्थानिक कॉन्फिग, आणि ‘इग्नोअर’ यादीतल्या फाईली, म्हणजे डेटाबेसचे पासवर्ड वगैरे. क्लोन घ्याच, पण शेजारी घ्या. जुना फोल्डर निदान महिनाभर तरी उडवू नका.

शिवाय तो शेजारचा क्लोनच दुरुस्तीला उपयोगी पडतो. बिघडलेल्या रिपॉझिटरीत ‘ऑब्जेक्ट्स/इन्फो/अल्टरनेट्स’ नावाची फाईल करा आणि तिच्यात धड क्लोनच्या ऑब्जेक्ट्स फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहा. गिट आता हरवलेले ऑब्जेक्ट तिथून वाचेल. एफएससीके स्वच्छ आलं की ‘गिट रीपॅक -ए -डी’ द्या, म्हणजे उसने ऑब्जेक्ट आपल्याकडे कॉपी होतात. मग अल्टरनेट्स फाईल काढा आणि परत एफएससीके द्या. या रीपॅकला ‘-एल’ लावू नका, नाहीतर उसने घेतलेले उसनेच राहतील.

सर्व्हरवरूनच सगळं परत आणायचं तर ‘गिट फेच --रीफेच’ आहे, तेही २.३६ पासून. साधं फेच इथे कामाचं नाही. ‘हे कमिट माझ्याकडे आहेत’ असं ते सर्व्हरला सांगतं आणि सर्व्हर ते पाठवत नाही. रीफेच मात्र पूर्ण रिपॉझिटरी उतरवतं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल तर सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरून अल्टरनेट्सचा मार्ग स्वस्त पडतो.

---

मिऱ्याबंदर

पुश न केलेला ऑब्जेक्टच गेला असेल तर? सर्व्हरवर नाही, कोणाकडेच नाही.

---

वाशिष्ठीकाठ

@मिऱ्याबंदर, तेव्हा फोल्डरमधली फाईल कामाला येते. हॅश मजकुरावरूनच काढलेला असतो, म्हणून तोच मजकूर पुन्हा दिला की तोच हॅश येतो.

समजा एफएससीके म्हणालं ‘मिसिंग ब्लॉब ४बी९४५८...’ (ब्लॉब म्हणजे एका फाईलचा मजकूर). लाईट जायच्या आधी ज्या फाईलींवर काम चालू होतं त्या एकेक करून ‘गिट हॅश-ऑब्जेक्ट <फाईल>’ला द्या. ज्या फाईलचा हॅश तंतोतंत जुळेल तिला ‘-डब्ल्यू’ लावून पुन्हा द्या. ऑब्जेक्ट परत लिहिला गेला. जुळायला हवा पण जुळत नाही? विंडोजवर ओळ-समाप्तीचा फरक हे नेहमीचं कारण. ‘--नो-फिल्टर्स’ लावून आणि न लावता, दोन्ही करून बघा. मधल्या काळात फाईल सेव्ह केली असेल तर मजकूर बदलला, एडिटर आधी बंद करायचं हे दुसरं कारण. काही एडिटर स्वतःचा स्थानिक इतिहास ठेवतात, तिथेही शोधा.

‘ट्री’ (फोल्डरमधल्या फाईलींची यादी) हरवली असेल तर सगळ्या फाईली मूळ स्थितीत असताना ‘गिट ॲड -ए’ आणि मग ‘गिट राइट-ट्री’. छापून आलेला हॅश हरवलेल्याशी जुळला की काम झालं. कमिट ऑब्जेक्टच गेला असेल तर तो तसाच परत बनवण्याच्या मागे लागू नका. त्यात सेकंदापर्यंतची वेळ असते. आधीच्या धड कमिटवर ब्रँच आणा आणि फोल्डरमधल्या फाईलींवरून नवा कमिट करा.

पॅक फाईल बिघडली असेल (डिस्कवर खराब सेक्टर असले की हे होतं) तर ती ऑब्जेक्ट्स/पॅकमधून बाहेर हलवा, आणि ‘गिट अनपॅक-ऑब्जेक्ट्स -आर’ला ती बाहेरून वाचायला द्या. ‘-आर’मुळे पहिल्या चुकीवर न थांबता जेवढं निघेल तेवढं निघतं. बाहेर हलवणं विसरलात तर ‘हे माझ्याकडे आधीच आहे’ असं समजून गिट काहीच लिहीत नाही.

---

दर्यावर्दी

डिस्क भरली तरी असंच होतं का? आमच्याकडे छोट्या एसएसडी आहेत.

---

कातळसडा

@दर्यावर्दी, नाही, तो प्रकार सौम्य. लिहिताना ‘नो स्पेस’ आलं की गिट तिथेच थांबतं, अर्धवट तुकडा तात्पुरत्या नावाने राहतो, जुनं सगळं शाबूत. ‘गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्ही’मध्ये ‘साइझ-गार्बेज’ बघा. फसलेल्या फेचनंतर पॅक फोल्डरात मोठमोठे ‘टीएमपी_पॅक’ पडून असतात. आधी इतरत्र जागा मोकळी करा, एफएससीके स्वच्छ आहे ना बघा आणि मगच ‘गिट प्रून’. जागा नाही म्हणून थेट ‘गिट जीसी’ देऊ नका. नवा पॅक पूर्ण होईपर्यंत जुनाही ठेवावा लागतो, म्हणजे जीसीला आधी जास्तच जागा लागते.

बॅकअपच्या स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: प्रत्येक आज्ञा यशस्वी झाली का ते तपासा. सीमध्ये लिहीत असाल तर ‘क्लोज’ काय परत देतो तेही बघा, नेटवर्कवरच्या डिस्कवर जागा संपल्याची बातमी कधीकधी तिथेच कळते. आणि ‘एफसिंक’ फसलं तर पुन्हा तेच देऊन ‘झालं’ म्हणू नका. लिनक्स न लिहिलेली पानंही (रॅममधले मजकुराचे तुकडे) ‘स्वच्छ’ धरू शकतो, मग दुसऱ्यांदा दिलेलं एफसिंक खोटं यश सांगतं. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या लोकांना हे २०१८ मध्ये उमगलं. फेब्रुवारी २०१९ च्या ११.२ आवृत्तीपासून एफसिंक फसलं की ते सर्व्हर मुद्दाम पाडतात आणि लॉगवरून सावरतात. चूक दडपण्यापेक्षा काम थांबवणं केव्हाही बरं.

---

सुरंगी

@कातळसडा, पटलं. शेजारी क्लोन घेते.

मग बॅकअपचंही विचारते. पेन ड्राईव्हवर पूर्ण फोल्डर कॉपी करून ठेवणं पुरे आहे का? आणि क्लाउडवर आपोआप सिंक होणारा फोल्डर?

---

मिऱ्याबंदर

याचं मी सांगतो. आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरात डॉटगिट ठेवूच नका. सिंक करणारा प्रोग्राम एकेक फाईल स्वतःच्या क्रमाने नेतो, ब्रँच आधी आणि ऑब्जेक्ट नंतर असंही होतं. दोन मशीनवर काम झालं की रेफ्समध्ये ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ नावाच्या फाईली येतात.

पेन ड्राईव्ह बहुतेक एक्सफॅट किंवा फॅट३२ असतो. जर्नल नाही, म्हणजे मध्येच ओढला किंवा लाईट गेली की फाईल सिस्टीमच डळमळते. फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. फाईलचा मालक कोण हेही या फाईल सिस्टीम लक्षात ठेवत नाहीत, म्हणून एप्रिल २०२२ मधल्या २.३५.२ पासून गिट तिथे मालकीची शंका घेऊन (आताच्या आवृत्त्यांत ‘ड्युबियस ओनरशिप’) अडू शकतं. आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत यूएसबीच्या पत्र्यांवर गंज धरतो, कॉपी अधूनमधून तुटते.

म्हणून बंडल: ‘गिट बंडल क्रिएट काम.बंडल --ऑल’. सगळ्या ब्रँच आणि त्यांचा इतिहास एकाच फाईलमध्ये. आधी स्वतःच्या डिस्कवर बनवा, ‘गिट बंडल व्हेरिफाय’ द्या, मग ड्राईव्हवर तात्पुरत्या नावाने कॉपी करा, ‘सिंक’ द्या, शेवटी खरं नाव द्या. अर्धवट कॉपीला कधीच खरं नाव मिळता कामा नये. आठवड्यातून एकदा त्या बंडलमधून क्लोन करून बघा. व्हेरिफाय पास झाला म्हणजे आतला प्रत्येक बाईट धड आहे असं नाही, क्लोन झाला आणि एफएससीके स्वच्छ आलं तरच खरं. स्टॅश एकाहून जास्त असतील तर त्यांच्या ब्रँच करून घ्या. रेफ्समध्ये फक्त वरचा स्टॅश असतो, बाकीचे रेफलॉगमध्ये, आणि तो बंडलमध्ये जात नाही.

त्याच डिस्कवर ‘गिट क्लोन’ करून त्याला बॅकअप समजू नका. एकाच फाईल सिस्टीमवर गिट ऑब्जेक्ट कॉपी करत नाही, हार्डलिंक करतं. दोन फोल्डर दिसतात, बाईट मात्र एकच. सेक्टर खराब झाला की दोन्हीकडचं जातं. ‘--नो-हार्डलिंक्स’ लावा, किंवा सरळ दुसरी डिस्क.

---

बांदिवडेकाठ

आमच्या ऑफिसात अजून सबव्हर्जन (गिटसारखाच जुना प्रोग्राम) आहे, तिथे काय बघायचं?

---

वाशिष्ठीकाठ

@बांदिवडेकाठ, थोडक्यात सांगतो. १.७ पासून वर्किंग कॉपीची सगळी नोंद ‘डॉटएसव्हीएन/डब्ल्यूसी.डीबी’ या एकाच एसक्यूलाईट फाईलमध्ये असते. ‘लॉक्ड’ आलं तर ‘एसव्हीएन क्लीनअप’. डीबीच बिघडली असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका: शेजारी नवीन चेकआउट घ्या आणि बदललेल्या फाईली डॉटएसव्हीएन वगळून त्यावर आणा. सर्व्हरच्या बाजूला ‘एसव्हीएनॲडमिन व्हेरिफाय’, आणि बॅकअपला साधी कॉपी नको, ‘एसव्हीएनॲडमिन हॉटकॉपी’. चालू रिपॉझिटरीची साधी कॉपी मध्येच झालेल्या कमिटमुळे अर्धवट निघू शकते.

गिटसारखंच मर्क्युरियल असेल तर ‘एचजी रिकव्हर’ अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेतं, त्यानंतर ‘एचजी व्हेरिफाय’.

---

दर्यावर्दी

शेवटचा प्रश्न. कोअर.एफसिंक ऑल केलं, आता इन्व्हर्टर नसला तरी चालेल ना? आणि एफसिंक गठ्ठ्याने करणारी ‘बॅच’ पद्धत वापरू का, ती वेगवान आहे म्हणतात.

---

कातळसडा

@दर्यावर्दी, बॅच विंडोजवर एनटीएफएसला आणि मॅकवर वापरा, तिथे ती नेहमीच्या पद्धतीइतकीच भरवशाची धरलेली आहे. लिनक्सवर ‘एफसिंक’च ठेवा.

इन्व्हर्टर मात्र हवा. एफसिंक म्हणजे डिस्कला ‘खरंच लिही’ असं सांगणं. स्वस्त यूएसबी एनक्लोजरमधली डिस्क न लिहिताच ‘हो’ म्हणू शकते, त्याला गिटकडे इलाज नाही. अशा डिस्कवर कामाची रिपॉझिटरी ठेवू नका. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बदल व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. मागच्या बाजूला यूपीएस मोडचं बटण असतं, ते तिकडे करा. मग मेन स्विच पाडून बघा, पण त्याआधी सगळं सेव्ह करून पुश करा.